सुरतेस आलेले राघोबादादा

आमच्या घरी कोणी हिशेबातला आकडा फिरवला किंवा निरोपातला शब्द बदलून सांगितला, की आजी ध चा मा केला म्हणून रागे भरत असे. तो ध कोणाच्या हातचा आणि त्याचा मा कोणी केला, हे मला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. पुढे इतिहास वाचू लागल्यावर कळले, की आजी ज्या प्रकरणाचा असा येताजाता उल्लेख करी, ते मराठी राज्यातले सर्वांत मोठे फौजदारी प्रकरण होते. आणि त्यात आरोपीच्या जागी खुद्द राज्याचा मुख्य उभा होता.

महाभियोग हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांतून वरचेवर वाचायला मिळतो. कधी एखाद्या न्यायाधीशाच्या संबंधात, कधी परदेशच्या एखाद्या अध्यक्षाच्या. तो वाचला, की माझे मन वॉशिंग्टनला जात नाही, दिल्लीलाही जात नाही. ते सुरतेस जाते. याचे कारण सांगायचे तर राघोबादादांचे चरित्रच सांगावे लागेल.

मराठी माणसाला सुरत म्हटले, की शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० सालच्या दोन स्वाऱ्या आठवतात. त्यानंतर शंभर वर्षांनी, १७७५ च्या फेब्रुवारीत, एक मराठा पेशवा याच बंदरात पळून आला व इंग्रजांकडे आश्रय मागू लागला, ही गोष्ट आपण फारशी काढीत नाही. तापीकाठचा तो जुना किल्ला आजही उभा आहे. सुरतेच्या महापालिकेने त्याची डागडुजी करून आत संग्रहालय मांडले आहे. सोळाव्या शतकात खुदावंतखानाने तो बांधला तो फिरंग्यांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून. आणि १७५९ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. दादा आले तेव्हा तटावर इंग्रजांचा पहारा होता. नदीकडच्या बाजूस उभे राहिले, की खाडीतून येणाऱ्या त्या गलबताची कल्पना करणे कठीण जात नाही.

रघुनाथराव हे थोरल्या बाजीरावांचे धाकटे चिरंजीव. जन्म १७३४ सालचा, साताऱ्याजवळच्या माहुलीचा. योगायोग असा, की ज्यांच्यामुळे त्यांचे नाव कायमचे काळवंडले ते रामशास्त्री प्रभुणेही माहुलीचेच. तरुणपणी दादांची तलवार मोठी चपळ होती. १७५८ साली त्यांच्या फौजा लाहोरात शिरल्या आणि अटकेपर्यंत पोचल्या. राघोभरारी हा शब्द त्या दौडीमुळेच मराठीत आला. मात्र या मोहिमेतून खजिना येण्याऐवजी मोठे कर्ज आले आणि कारभाऱ्यांची बोलणी ऐकावी लागली. दादांच्या साऱ्या आयुष्याचा नकाशाच म्हणावा असा हा प्रसंग आहे. जिंकणे त्यांना जमे. जिंकलेले राखणे व आपल्या वाट्याला आलेल्या दुय्यम जागेवर समाधान मानणे कधीच जमले नाही.

पानिपतानंतर नानासाहेब गेले आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांना मिळाली. चुलता सरदार, पुतण्या धनी. पुढच्या अकरा वर्षांतल्या चुलत्या-पुतण्यांच्या तंट्याचा सविस्तर इतिहास येथे देत नाही. १७६२ साली आळेगावी पुतण्या चुलत्याच्या स्वाधीन झाला. १७६८ साली धोडपला चुलता पुतण्याच्या हाती लागला आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडला. बडोद्याच्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की धोडपच्या लढाईत दादांच्या बाजूने गोविंदराव गायकवाडही होते. दादांच्या नशिबाशी आपल्या संस्थानाचे नशीब तेव्हापासूनच गुंतले.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव निवर्तले. अठरा वर्षांचे नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारले गेले. त्यांनी चुलत्याला मिठी मारली होती, असे सांगतात. दोन महिन्यांच्या आत दादांनी साताऱ्याहून स्वतःसाठी वस्त्रे आणविली व ते पेशवे झाले.

इथवरची कथा कोणत्याही राजघराण्यात घडावी अशी आहे. दिल्लीच्या तख्तासाठी याहून भयंकर प्रकार झाले आणि कोणा काजीने त्यांची चौकशी केली नाही. पुण्यात ती झाली. रामशास्त्री पेशव्यांचे न्यायाधीश होते. म्हणजे ज्याची चौकशी करायची त्याच्याच नावाने ते न्यायासनावर बसत. ग्रँट डफने लिहिले आहे, की सुमारे सहा आठवडे तपास करून शास्त्रीबुवांनी गारद्यांना दिलेला मूळ कागद मिळविला. त्यात नारायणरावास धरावे असे होते, त्याचे मारावे झाले होते. धरण्याचा हुकूम आपला, हे दादांनी कबूल केले. अक्षर फिरविल्याचा बोल आनंदीबाईंवर आला आणि आजतागायत तो तेथेच आहे. मला मात्र नेहमी वाटते, की एवढ्या एका अक्षराचा पुरावा आजच्या न्यायालयात उलटतपासणीला कितपत टिकला असता? बाईंची बाजू कोणी मांडल्याचे मला कोठे आढळले नाही.

पुढचा प्रसंग शाळेच्या पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचला आहे. दादांनी या पातकास प्रायश्चित्त काय, असे विचारले आणि शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे नाही, असे तोंडावर सांगितले. दादा कारभारात आहेत तोवर पुण्यात पाऊल टाकणार नाही, असे बजावून ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. आपण या प्रसंगात शास्त्रीबुवांचा निर्भयपणा पाहतो, आणि तो आहेच. मला त्यात एक कायद्याची अडचणही दिसते. शास्त्रीबुवांनी सांगितले ते प्रायश्चित्त होते, दंड नव्हे. आपल्या धर्मशास्त्रात हे दोन निरनिराळे आहेत. दंड राजा देतो आणि तो अपराध्याच्या इच्छेवर अवलंबून नसतो. प्रायश्चित्त विद्वान सांगतात, आणि ते पातक्याने आपणहून घ्यायचे असते. चोराला, दरोडेखोराला, मामलेदारालाही शास्त्रीबुवा दंड सांगू शकत होते, कारण त्यांच्यामागे पेशव्याची सत्ता होती. पण पेशव्याला दंड सांगायचा तर मागे कोण? कायद्याने पाहिले तर पेशव्याच्या वर छत्रपती होते. वस्त्रे त्यांनी द्यायची, म्हणजे काढूनही त्यांनीच घ्यायची. परंतु रामराजे साताऱ्याच्या किल्ल्यात जवळजवळ कैदीच होते, आणि त्यांच्याकडून वस्त्रे आणण्याचे काम ज्याचा जोर असेल तो करीत असे. वरचे आसन होते, पण त्यावर बसून निकाल देणारा कोणी नव्हता. तेव्हा न्यायाधीशाने निकाल सांगितला आणि त्याची अंमलबजावणी आरोपीच्या सदसद्विवेकावर सोडून तो आपल्या गावी गेला.

महाभियोगाची युक्ती माणसाने शोधून काढली ती नेमकी याच अडचणीवर. इंग्लंडात तिचा पहिला ठळक प्रयोग १३७६ साली झाला. राजाचा मंत्री राजाच्या मर्जीतला. त्याला राजाच्याच न्यायाधीशासमोर कसे उभे करायचे? म्हणून लोकसभागृहाने फिर्यादी व्हायचे आणि सरदारांच्या सभेने न्यायाधीश व्हायचे, असे ठरले. फिर्याद एकाने करावी, निकाल दुसऱ्याने द्यावा, आणि दोघांपैकी कोणीही आरोपीचा आश्रित नसावा, एवढीच त्यातली मख्खी. इंग्लंडात अशा खटल्यात कैद, दंड, प्रसंगी देहान्ताचीही शिक्षा होत असे. आपल्या घटनेच्या ६१ व्या कलमात राष्ट्रपतींसाठी हीच पद्धत आहे, पण शिक्षा केवळ पदावरून दूर होण्याची. संसदेच्या एका सभागृहाच्या एकचतुर्थांश सभासदांनी सही करून चौदा दिवसांची नोटीस द्यायची, एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश बहुमताने घटनाभंगाचा आरोप ठेवायचा, दुसऱ्या सभागृहाने चौकशी करायची व तितक्याच बहुमताने आरोप शाबीत धरायचा. राष्ट्रपतींना हजर राहून किंवा प्रतिनिधीमार्फत आपली बाजू मांडता येते. आजवर एकाही राष्ट्रपतींवर ही वेळ आलेली नाही. न्यायाधीशांना दूर करण्याच्या रीतीला घटनेत महाभियोग हे नाव नाही, लोक मात्र तसेच म्हणतात. १९९३ साली न्यायमूर्ती रामस्वामींविरुद्धचा ठराव लोकसभेत पुरेशी मते न पडल्याने फसला. २०११ साली न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा राज्यसभेत संमत झाला आणि लोकसभेत येण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला.

पुण्यात असे काही नव्हते. शास्त्रीबुवांनी सांगितलेले प्रायश्चित्त दादांनी घेतले नाही, ते मोहिमेवर निघून गेले. मग निकाल अमलात आणण्याचे काम कारभाऱ्यांनी हाती घेतले. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे वगैरे मंडळींचे ते प्रसिद्ध बारभाई. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदरावर नेऊन त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला वस्त्रे मिळाली. दादांची पेशवाई अशा रीतीने काढून घेतली गेली. बारभाईंना न्याय हवा होता की सत्ता, हा वाद जुना आहे. मला वाटते दोन्ही हवी होती, आणि शास्त्रीबुवांचा निकाल नसता तर नुसत्या सत्तेसाठी एवढे सरदार एकत्र आले नसते. हाती लागलेल्या गारद्यांना त्यांनी देहान्त शासन केले. खुद्द शास्त्रीबुवा पुन्हा न्यायासनावर आले व १७८९ साली वारले तोवर त्यावर होते.

दादांनी पंढरपुराजवळ त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला, पण पुण्यावर चालून जाण्याऐवजी ते उत्तरेकडे वळले. बऱ्हाणपूर, माळवा करीत, गरोदर आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवून ते गुजरातेत उतरले. १७७५ च्या जानेवारीच्या आरंभी ते बडोद्याच्या वेशीपाशी होते. दमाजीरावांच्या पश्चात गोविंदराव आणि फत्तेसिंगराव या भावांत गादीचा तंटा चालू होता. गोविंदरावांनी बडोद्याला वेढा घातला होता, त्यात दादा सामील झाले. आपल्या शहराला वेढा घालून बसलेला पेशवा, हे चित्र बडोदेकरांच्या डोळ्यांपुढे सहसा येत नाही. त्याच आठवड्यात, १० जानेवारीस, तिकडे धारेस आनंदीबाईंना मुलगा झाला. त्याचे नाव बाजीराव ठेवले.

हरिपंत पाठीवर होतेच. फेब्रुवारीत महीच्या काठी दादांची फौज मोडली. फौजेला सोडून ते खंबायतेस आले, तेथून इंग्रज वकील मॅलेट याच्या साहाय्याने भावनगर आणि तेथून समुद्रमार्गाने सुरत. अटकेपर्यंत घोडा नेणारा सेनापती गलबतातून सुरतेस उतरला, तेव्हा त्याच्यापाशी फौज नव्हती, राज्य नव्हते, रोख रक्कमही नव्हती. जवाहीर तेवढे होते.

६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, तिच्या खर्चासाठी दादांनी दरमहा दीड लाख रुपये द्यायचे. रोकड नसल्याने सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे. साष्टी आणि वसई इंग्रजांना द्यायची, शिवाय सुरत-भडोचच्या वसुलातला हिस्सा. चिमाजीअप्पांनी किती माणसे खर्ची घालून १७३९ साली वसई घेतली, हे त्यांच्याच पुतण्याला सांगायला हवे होते काय? नारायणरावांच्या खुनात दादांचा दोष किती, याबद्दल माझ्या मनात अजूनही थोडी शंका आहे. या कागदाबद्दल मुळीच नाही.

आता या प्रकरणातली दुसरी गंमत पाहावी. मुंबईच्या इंग्रजांना असा तह करण्याचा अधिकारच नव्हता. १७७३ च्या कायद्याने मुंबई-मद्रासकरांना युद्ध आणि तह यांच्या बाबतीत कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलची आज्ञा पाळणे भाग झाले होते. कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्ज मुख्य, आणि कौन्सिलात फिलिप फ्रान्सिस प्रभृती त्यांचे वैरी. सुरतेचा तह बेकायदा आहे, यावर मात्र त्या भांडणाऱ्या मंडळींचे एकमत झाले. आडासच्या मैदानात कर्नल कीटिंगची फौज १८ मे रोजी हरिपंतांशी लढली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कलकत्त्याहून युद्ध थांबविण्याचा हुकूम निघाला. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. दादांनी नेमणूक घेऊन कोपरगावी जाऊन राहावे, असे ठरले. ते गेले नाहीत. सुरतेसच आले आणि पुढे मुंबईस गेले. आरोपी एका राज्याचा, आश्रय दुसऱ्याचा, आणि आश्रय देणाऱ्यांच्यातही दोन मते, असा तो तिढा होता. थोड्याच काळात हेस्टिंग्जने आपले मत फिरवले, पुरंदरचा तह बाजूला राहिला व पुन्हा युद्ध पेटले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची फजिती झाली, दादा महादजींच्या हाती पडले. झाशीकडे नेत असता नर्मदेपाशी निसटले आणि जूनमध्ये जनरल गॉडर्डच्या छावणीत, म्हणजे पुन्हा सुरतेकडेच, आले. आयुष्यातल्या प्रत्येक पराभवानंतर हा माणूस याच गावाकडे धावला.

याच दिवसांत दादांनी केलेली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांनी आपले वकील थेट विलायतेस पाठविले. हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण आणि मणियार रतनजी व त्यांचा मुलगा असे दोन पारशी. १७८१ साली हे तिघे लंडनमध्ये होते. ज्या काळी ब्राह्मणाने समुद्र ओलांडणे म्हणजे जात गमावणे, त्या काळी हणमंतराव आपल्या धन्याची कैफियत घेऊन गेले. त्यांचे खाण्यापिण्याचे, सोवळ्याओवळ्याचे हाल पाहून ज्या इंग्रज गृहस्थाने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि बागेतली काचेची खोली स्वयंपाकासाठी व स्नानसंध्येसाठी मोकळी करून दिली, त्याचे नाव एडमंड बर्क. बर्कने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. हिंदूंचे आचार, त्यांना काय लागते आणि काय चालत नाही, हे त्याने समक्ष पाहिले ते राघोबादादांच्या वकिलाच्या चुलीपाशी. पाच वर्षांनी, एप्रिल १७८६ मध्ये, त्याच बर्कने पार्लमेंटात वॉरन हेस्टिंग्जवर बावीस आरोपांचे पत्रक ठेवले. त्यातला विसावा आरोप मराठ्यांशी केलेल्या युद्धाचा आणि तहाचा आहे. राघोबाचे नाव आणि पुरंदरचा तह त्या प्रकरणात आहेत. पुण्यात ज्याच्यावर आरोप झाला, त्याला दिलेला आश्रय लंडनमध्ये दुसऱ्यावरच्या आरोपाचा विषय झाला.

हे पाहायला दादा उरले नव्हते. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी त्यांचा पक्ष कायमचा सोडला. दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक घेऊन ते गोदावरीकाठी कोपरगावी आले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, तेथेच वारले. सात वर्षांपूर्वी पुरंदरच्या तहाने सांगितलेली जागा हीच होती. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी आनंदीबाईंना आणखी एक मुलगा झाला, त्याचे नाव चिमाजी.

हेस्टिंग्जचा खटला १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुरू झाला व सात वर्षे चालला. काशीचा चेतसिंग, अयोध्येच्या बेगमा, नजराणे, मक्ते, एवढ्यांचीच सुनावणी झाली. मराठ्यांचा विसावा आरोप कोर्टापुढे आलाच नाही. सरदारांची सभा एवढी रेंगाळली, की निकाल देताना आरंभी बसलेल्यांपैकी पुष्कळ जण वारले होते. २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. खटल्याच्या खर्चाने मात्र पुरता खंक झाला, आणि कंपनीने त्याला सालिना चार हजार पौंडांचे पेन्शन दिले. इंग्लंडातला अशा रीतीचा शेवटचा खटला १८०६ साली लॉर्ड मेल्व्हिलवर झाला. त्यातही आरोपी सुटला. यंत्र उत्तम, पण त्यातून दोषी ठरून बाहेर पडणारे थोडे, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही. पण हेस्टिंग्जला सात वर्षे उत्तरे द्यावी लागली. दादांना सहा आठवडेही द्यावी लागली नाहीत.

आपल्या बडोद्याने याचा तिसरा नमुना पाहिला आहे. सुरतेच्या तहाला बरोबर शंभर वर्षे होत असता, १८७५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मल्हारराव महाराजांवर रेसिडेंटला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप येऊन कमिशन बसले. तीन इंग्रज, तीन हिंदी. त्यांत ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. बचावाला विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आला. इंग्रजांनी आरोप शाबीत धरला, हिंदी सभासदांनी धरला नाही. मग सरकारने कमिशनचा निकाल बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणाखाली महाराजांना पदच्युत केले. म्हणजे येथे वरचे आसन रिकामे नव्हते, उलट इतके भरलेले होते, की त्याला निकालाची गरजच वाटली नाही. लहानपणी या खटल्याच्या कथा ऐकताना मला हिंदी सभासदांचा अभिमान वाटे. पुढे कायदा वाचल्यावर वाटू लागले, की त्या तिघांचे मत आणि माहुलीच्या शास्त्रीबुवांचे प्रायश्चित्त यांची गत एकच झाली.

हेस्टिंग्ज सुटला त्याच वर्षी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, पुण्यात सवाई माधवराव वारले. ज्या बालकाच्या नावाने दादांची वस्त्रे काढून घेतली, त्याचा वंश तेथेच संपला. पुढल्या वर्षीच्या डिसेंबरात पेशवाईच्या गादीवर बसला तो धारच्या किल्ल्यात जन्मलेला दादांचा मुलगा. त्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांची फौज मागणाऱ्या तहावर सही केली. बापाने तो कागद सुरतेस केला होता. मुलाने वसईस केला.